फॉर्म उघडण्याआधी यादी करा

महोदय,

रस्ता, मैदान, बाजार यांच्या आराखड्यावर ऑनलाइन हरकती-सूचना मागवणे आता मुंबईत रुळले आहे. लिंक येते, मुदत संपते, 'इतक्या सूचना आल्या' असा आकडा जाहीर होतो. त्या कोणाकडून आल्या, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. कामाला फॉर्मपासून सुरुवात होते, तिथेच गाडी चुकते. आधी त्या जागेशी कोणाकोणाचा संबंध येतो, याची यादी हवी.

स्थानकाबाहेरचा पदपथ घ्या. सोसायट्या आणि दुकानदार हमखास लिहितात. पण तिथे फेरीवाले आहेत, रिक्षा स्टँड आहे, पहाटे माल उतरवणारे हमाल आहेत, काठीने वाट काढणारे अंध प्रवासी आहेत. शिवाय बेस्टचा थांबा, वाहतूक पोलीस आणि जमिनीखालच्या वीज, गॅस, टेलिफोनवाल्या कंपन्या. या शेवटच्या मंडळींना सर्वांत उशिरा बोलावले जाते आणि लोकांनी महिनाभर चर्चा करून निवडलेला पर्याय त्यांच्या एका पत्राने बाद होतो. पुढच्या वेळी लोक फिरकत नाहीत. म्हणून या मंडळींना आधी विचारावे आणि 'पदपथाची रुंदी बदलता येईल, थांबा हलवता येणार नाही' असे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे.

फेरीवाल्यांबाबत तर कायदाच आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एकतृतीयांश महिला. तरी 'फेरीवाले हटवावेत का? होय / नाही' असा प्रश्न टाकला जातो! प्रश्नावली तयार होताना फेरीवाला समोर असता, तर 'गर्दीच्या वेळी चालायला किती फूट मोकळे हवेत?' असे विचारले गेले असते. त्या उत्तराचा अभियंत्याला उपयोग तरी होतो.

नकाशाची रड वेगळीच. स्कॅन केलेली जड पीडीएफ मोबाइलवर उघडली तरी नगर भूमापन क्रमांक वाचता येत नाही. मग सूचनेच्या रकान्यात 'आमची चाळ यात कुठे आहे?' एवढेच येते. एका मोबाइल क्रमांकावर एकच सूचना, आणि घरात फोन एक. घरातल्या बाईचे मत तिथेच गळाले. विभाग कार्यालयात आणि संध्याकाळी सातनंतर बाजारात मोठा छापील नकाशा लावून, सूचना टिपून घेणारा माणूस बसवावा. मुंबईच्या विकास आराखड्याच्या २०१५ च्या मसुद्यात इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू गाळल्या होत्या. तो नव्याने करावा लागला. असल्या चुका गल्लीतला माणूस बोट ठेवून दाखवतो, पण नकाशा त्याला दिसला पाहिजे.

नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात होणाऱ्या फेरबदलावर हरकतींसाठी एक महिना मिळतो. यादी आणि भेटीगाठी त्याआधीच उरकाव्या लागतात.

व्हॉट्सॲपवर फिरलेला एकच मजकूर हजार जण पाठवतात. तो केराच्या टोपलीत टाकू नये आणि हजार सूचनाही मोजू नयेत. मुद्दा एक, पाठिंबा हजारांचा, अशी नोंद व्हावी.

आणि मुदत संपल्यावर तक्ता संकेतस्थळावर टाकावा : सूचना क्रमांक, मुद्दा, मान्य की अमान्य, कारण, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम. कारणाच्या रकान्यात 'नोंद घेतली' हा शेरा चालणार नाही.

– नगररचना क्षेत्रातील काही वाचक, परळ, मुंबई