तुलना मुलाची त्याच्याशीच हवी

सहामाहीचे प्रगतिपुस्तक हाती पडले. मतिमंदत्व असलेल्या माझ्या मुलाला गणितात पुन्हा ‘ड’. गेल्या दिवाळीत त्याला दहाची नोट ओळखता येत नव्हती. आता तो कोपऱ्यावरून दूध आणतो आणि उरलेले सुटे मोजून घेतो. एवढी मजल त्या एका अक्षरात कुठे दिसते?

परीक्षा नकोच, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट लहान चाचण्या वारंवार घ्या. दर पंधरवड्याला, त्याच कौशल्याची, पाच मिनिटांची. गुणांचा ठिपका आलेखावर मांडा. रेषा आडवीच राहिली, तर शिकवण्याची पद्धत बदला. वर्षअखेरीस कळून काय उपयोग?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे बंधनकारक आहे. फिरत्या विशेष शिक्षकांकडे अनेक शाळा असतात, त्यांच्या माथी आणखी कागद मारू नयेत, हे मान्य. पण नाशिक महापालिका व जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी वर्गशिक्षकांना या नोंदींचे प्रशिक्षण द्यावे आणि तो आलेख पालकसभेत आम्हालाही दाखवावा.

– एक पालक, सिडको, नाशिक