आधी गिऱ्हाईक, मग सॉफ्टवेअर

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर आईचा आवाज बदलला की मला पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकायचं म्हणून नोकरीचा राजीनामा दिलाय, मंजूरही झालाय. घाबरू नका. दर महिन्याचे पैसे त्याच तारखेला येतील, विम्याचा हप्ता भरून ठेवलाय, आणि मी वेळेवर जेवते, झोपते, खरंच.

बाबा, तुम्ही विचारणार, "घेणार कोण?" तोच प्रश्न घेऊन मी फिरतेय. कोडची एक ओळ अजून लिहिली नाहीये, मुद्दाम. फिजिओथेरपिस्टना भेटतेय, पेशंट घरी व्यायाम करतो की नाही हे त्यांना कसं कळतं ते विचारतेय. माझी आयडिया कशी वाटली असं विचारतच नाही, त्यावर सगळे छानच म्हणतात. शेवटचा पेशंट मध्येच यायचा बंद झाला तेव्हा काय केलंत, त्यात किती वेळ गेला, आत्ता कशावर पैसे खर्च करता, एवढंच. एक मॅडम सगळं वहीत लिहितात आणि रात्री बसून एकेकाला मेसेज करतात, पार वैतागल्यात, मला अशीच माणसं हवीयेत. दुसऱ्या एका डॉक्टरांनी भरभरून कौतुक केलं, पण पहिल्या वर्षाचे पैसे आगाऊ द्याल का, दर कमी लावते म्हटल्यावर विषयच बदलला, मग त्यांचं नाव यादीतून काढलं. आई, म्हणूनच तुला विचारत नाही गं, रागावू नकोस, माझं वाकडंतिकडं चित्रसुद्धा तू कपाटावरून कुणाला काढू द्यायची नाहीस.

आणि हे काही माझंच खूळ नाहीये. बफर म्हणजे सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच ठरवून ठेवायचं सॉफ्टवेअर, ते बनवायच्या आधी २०१० मध्ये जोएल गॅस्कॉइनने नुसतं वेबपेज टाकलं, मग त्यात दरांचं पान घातलं आणि पैसे द्यायच्या पर्यायावर कोण क्लिक करतंय ते बघितलं, कोड नंतर. झॅपोज या ऑनलाइन बुटांच्या दुकानाच्या निक स्विनमर्नने १९९९ मध्ये दुकानातल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले, ऑर्डर आली की दुकानात जाऊन तो जोड विकत घ्यायचा आणि पाठवायचा, सुरुवातीला स्वतःचा माल भरलाच नाही. बाबा, हे वाचताना मला माळ्यावरचे खोके आठवले. तुमचा माल चांगलाच होता, मी कुणालाही सांगेन. आधी विचारून बघायची उसंत तुम्हाला कुणी दिली होती तेव्हा, आम्ही दोघं शाळेत होतो. मला ती उसंत आहे, तुमच्यामुळेच आहे.

आगाऊ पैसे देणारे पुरेसे मिळाले तरच बनवायला बसेन, नाहीतर दुसरी अडचण शोधेन. बचत संपत आली तर नोकरी, हे ठरलेलं आहे, घराला हात लावणार नाही.

आता ऐका. बाबा, गुडघ्याचे व्यायाम रोज, आई समोर उभी असेल तेव्हाच नाही. आई, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि माझ्या काळजीने जागायचं नाही. आणि पुढच्या वेळी फिजिओकडे गेलात की विचारा, मी घरी काय करतो हे तुम्हाला कसं कळतं म्हणून. माझं नाव काढू नका, ते काय सांगतात ते फक्त नीट ऐका आणि रात्री मला फोन करा.

तुमची,
छकुली