मिस्त्री, तुम्ही दिलेले तेवीस दिवस

मिस्त्रींना साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही पान्हा उचलून दुसऱ्या गाडीकडे वळता. म्हणून चार लोकांदेखत लिहितोय.

२२ सप्टेंबर २०२५ ला घट बसले आणि त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाव उतरायची वाट बघत थांबलेले सगळे एकदमच शोरूमला धावले. मीही त्यांतलाच. दोन दिवसांनी गेलो, तर मला हवी ती १२५ ची गाडी संपलेली. सांगलीत जिथं जाईल तिथं एकच उत्तर, "नंबर लावा, महिना धरा." एका ठिकाणी मात्र एक गाडी उभी होती. पण गार्ड, सीट कव्हर आणि विमा त्यांच्याकडूनच घेतला तरच मिळणार, आणि उद्या तीही राहणार नाही म्हणाले.

आप्पांनी घेतलेली जुनी गाडी तेव्हा धूर टाकत होती, आणि मला तासगावहून कुपवाड एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जायचं असायचं. मी पैसे भरायला निघालोच होतो.

तुम्ही फक्त विचारलंत, "चेसिस नंबरचा फोटो काढलास का?" मोबाईल लांब धरून दहावं अक्षर बघितलंत. 'आर'. म्हणजे २०२४ चं मॉडेल. "उभी राहून राहून जुनी झालेली गाडी नव्याच्या भावात कशाला घेतोस? आणि विमा कुठूनही काढता येतो, त्यावरून कुणी अडवू शकत नाही."

पण मिस्त्री, सल्ला काय, कुणीही देतं. थांब म्हणालात आणि मला थांबता येईल अशी सोयही केलीत, ते माझ्या मनातून जात नाही. बोअरला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घ्यायला टाकली तर गाडी दोन दिवस अडकेल, म्हणून रात्री आठला इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलल्यात. क्लच प्लेटा दुसऱ्या गाडीच्या काढून बसवल्यात. पेट्रोल भरताना ऑइल बघायची सवय लावलीत. मजुरी विचारली तर "नवी आली की बघू" म्हणालात. त्या तेवीस दिवसांत मी एकदाही रस्त्यात अडकलो नाही. आई रात्री जागी राहायची, ती निवांत झोपायला लागली.

वसुबारसेला गाडी मिळाली. चेसिस नंबरात 'एस', म्हणजे २०२५ चं मॉडेल, विमा मी स्वतः काढलेला, एकही जादा वस्तू माथी मारलेली नाही. दाखवायला आणली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "सुरुवातीच्या सर्व्हिसा शोरूमलाच कर, नाहीतर वॉरंटीला नडतील." स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आप्पांची गाडी मी विकलेली नाही. रविवारी बोअर करायला घेऊन येतोय. मागची मजुरीही बरोबर आणतोय, मिस्त्री. ती यावेळी घ्यायची.

तुमचा,
तिसऱ्या पाळीवाला