आज्जी स्टबर्न नाही

खानापूर,
रविवार, रात्र

प्रिय बाळ,

शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला तुझा इंग्रजी निबंध दोनदा वाचला. व्याकरण जवळजवळ चोख आहे. पण एका ओळीवर मी अडले ती अडलेच. 'माय ग्रँडमदर इज अ स्टबर्न वुमन.'

आजोबा गेल्यावर भावकीतले सगळे जमीन विक म्हणत होते. आज्जीने ऐकलं नाही. भर पावसात चिखलात उभी राहून तिने भाताची रोपं लावली. हे तुला सांगायचं होतं ना? मग स्टबर्न नको. शब्दकोशात त्याचा अर्थ 'हट्टी' दिलाय, तो बरोबरच आहे. पण हा शब्द वापरणारा माणूस समोरच्यावर बहुतेक वेळा वैतागलेला असतो. धुऊनही न निघणाऱ्या डागाला इंग्रजीत स्टबर्नच म्हणतात. तू आज्जीवर वैतागलेली नाहीस, पण निबंध तपासणाऱ्याला तसं वाटेल. डिटर्मिन्ड म्हणालीस तर तिचा निश्चय दिसेल. मला मात्र टेनेशियस जास्त जवळचा वाटतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'तेनेरे' आहे, म्हणजे धरून ठेवणं. आपण चिवट म्हणतो ना, तसा. आज्जीने बांध धरून ठेवला, सोडला नाही.

पुढे तिच्या लुगड्यांना तू चीप म्हटलंयस. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता व्यापार, सौदा. लंडनमधल्या चीपसाइड रस्त्याचं नाव तिथल्या बाजारावरून पडलं, जसा आपल्या बेळगावचा खडेबाजार. पुढे त्या शब्दाचा अर्थ 'स्वस्त' झाला आणि त्यातच 'हलक्या प्रतीचं' ही छटा मिसळली. आज्जीची शहापुरी लुगडी स्वस्त असतील, पण हलकी कधीच नव्हती. वीस-वीस वर्षं टिकली ती! इनएक्स्पेन्सिव्ह लिही. त्यात फक्त किंमत कमी होते, मान कमी होत नाही.

'माय एज्युकेशन कमेन्स्ड' हेही बदल. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली, म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीला घरचा एक आणि दरबारी एक असे शब्द झाले. बिगिन घरचा, कमेन्स दरबारी. आस्क, क्वेश्चन आणि इन्टेरोगेट बघ: पहिला घरचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिनमधून. आपल्याकडे विचारणं, जाब विचारणं आणि कसून चौकशी करणं यांत जेवढं अंतर, साधारण तेवढंच त्या तिघांत. आपण जेवताना तूप वाढतो, घृत वैद्याच्या पुस्तकात राहतं. शेजारच्या अक्का कन्नडमध्ये त्यालाच तुप्प म्हणतात, तोही घरचाच शब्द. तुझी शाळा गावात सुरू झाली, तिला बिगिनच शोभतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा तीन दिवसांची रजा मागायला मी 'आय डिमांड लीव्ह' असं लिहिलं. शब्दकोशात 'मागणे' हाच अर्थ होता. फ्रेंचमध्ये त्याच्याच सख्ख्या शब्दाचा अर्थ नुसता विचारणं असा आहे, पण इंग्रजीत तो हक्काने, दटावून मागणं झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर अर्ज माझ्यापुढे टाकला. रजा मिळाली, पण त्या दिवसाची लाज अजून जात नाही. तेव्हापासून मी वर्गात शब्दाचा अर्थ सांगून थांबत नाही, तो कुठल्या वाक्यात येतो तेही मुलांना लिहायला लावते. तूही शब्दकोशातली उदाहरणाची वाक्यं वाचत जा. शिकणाऱ्यांच्या कोशात काही शब्दांपुढे 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूणही असते, ती बघायला विसरू नकोस.

शेवटच्या परिच्छेदात 'आय लिव्ह लोनली इन द हॉस्टेल' असं आहे. व्याकरणाने तिथे अलोन हवं. ऑल आणि वन मिळून तो शब्द झाला, म्हणजे अगदी एकटी. खोलीत दुसरं कुणी नाही, एवढंच तो सांगतो. लोनली म्हणजे एकाकी, आणि भरल्या खोलीतही माणूस लोनली असू शकतो. तुला यातलं नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला कळलं नाही. अलोन असेल तर तेवढा शब्द बदल आणि निबंध पाठवून दे. लोनली असेल तर निबंध राहू दे बाजूला. शनिवारी धारवाडहून गाडी धर, लोंढ्याला बदल. बाबा स्टेशनवर येतील.

तुझी,
आई