पहिला बर्फ पडायच्या आत आम्हाला माणसं हवी आहेत

सस्नेह नमस्कार.

वरच्या कड्यांवर पांढरी रेघ उमटली की आमच्या बचाव चौकीच्या दारात रोज तेच दोन प्रश्न येतात: यंदा बर्फ कसा पडणार, आणि स्कीइंगचे उतार कधी उघडणार? प्रश्न रास्त आहेत. त्यांचं नीट उत्तर द्यायला जी माणसं आणि जी साधनं लागतात ती आज आमच्याकडे अपुरी आहेत, म्हणून हे आवाहन.

आधी अंदाजाविषयी थोडं. हंगामी अंदाजात ‘सरासरीपेक्षा जास्त बर्फाची शक्यता 40 टक्के’ असं वाचलं की मंडळी सुट्ट्या ठरवून मोकळी होतात. हा अंदाज तीन खणांत मांडलेला असतो: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा कमी. काहीच अंदाज बांधता येत नसेल तेव्हा प्रत्येक खणाच्या वाट्याला 33 टक्के येतात. म्हणजे 40 चा आकडा पारडं जरासं झुकलंय एवढंच सांगतो. एल निनो आणि ला निना यांचंही तसंच. प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्तापाशी तापलं किंवा निवलं, तर त्याचा परिणाम प्रत्येक डोंगररांगेवर वेगळा होतो. शिवाय हा अंदाज पुऱ्या तीन महिन्यांचा असतो. सगळा बर्फ शेवटच्या पंधरवड्यात कोसळला तरी अंदाज बरोबरच ठरतो, आणि तोवर उतारावरचे धोंडे उघडेच राहतात.

सुरुवातीचे दिवस कसे जातील हे कळायला चार-पाच दिवसांचा अंदाज लागतो, आणि त्याच्या जोडीला उतारावरची रोजची नोंद. ही नोंद अगदी साधी असते. एका मोकळ्या, वारा न लागणाऱ्या जागी पांढरी फळी ठेवलेली असते. उजाडताच तिथे जायचं, रात्रीत फळीवर साचलेला बर्फ पट्टीने मोजायचा, नळीत भरून त्याचं वजन करायचं, फळी पुसायची आणि ताज्या थरावर पुन्हा ठेवायची. दहा सेंटिमीटर बर्फाचं साधारण एक सेंटिमीटर पाणी होतं, असा ढोबळ हिशेब आहे. पण कडक थंडीत पिसांसारखा पडलेला बर्फ नुसताच उंच दिसतो, आणि ओला बर्फ उंचीला कमी असूनही जड असतो. म्हणून पट्टीबरोबर वजनही लागतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख इथे 1936 पासून बर्फ मोजला जातोय. इतक्या वर्षांच्या वह्या हाताशी असल्या की यंदाचा बर्फ लवकर आला की उशिरा, हे ठामपणे सांगता येतं. आमच्या वहीत गेल्या हंगामातली कितीतरी पानं कोरी आहेत. पहाटे वर जायला माणूसच नव्हतं.

या कोऱ्या पानांची आम्हाला खरोखर भीती वाटते. पहिला बर्फ पडतो, त्याचा थर जेमतेम तीस सेंटिमीटरचा असतो, आणि मग दोन आठवडे आकाश निरभ्र राहतं. लोकांना वाटतं, थंडी आहे, बर्फ टिकला, छान झालं. पण जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं आणि वर हवा उणे बारा. एवढ्याशा थरात एवढा फरक पडला की तळातली वाफ वर सरकते आणि तिथले कण मोठे, टोकदार, सुटे होत जातात. अशा वेळी खड्डा खणून तळातला मूठभर बर्फ हातमोज्यावर घ्या. दाबलात तरी गोळा वळत नाही, जाड साखरेसारखा बोटांमधून सांडून जातो. पुढे याच थरावर मोठा हिमवर्षाव झाला की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर वरचा सगळा थर एकदम सुटू शकतो. पहिला थर कुठे उरला आणि कुठे वितळून गेला, हे त्या दिवसांत कोणी टिपून ठेवलं नसेल तर नंतर ते शोधणं फार अवघड होतं.

स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या लिफ्टजवळच्या पट्ट्यावर यंत्रांनी बर्फ पाडता येतो, पण त्यालाही कोरडी आणि गोठणबिंदूखालची हवा लागते. शिवाय तो पट्टा सोडला की खाली झाडांचे बुंधे आणि दगड असतात. बोटभर बर्फाखाली ते दिसत नाहीत. गेल्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात अशाच एका दगडाला अडकून आमच्यातल्या एकाचा गुडघा गेला. तो उतार आम्हाला पाठ होता.

तर मागणं असं आहे. आठवड्यातून एक पहाट देऊ शकतील अशी माणसं हवीत. स्कीइंग आलंच पाहिजे असं काही नाही, पट्टी वाचता यावी आणि वहीत खरा आकडा लिहावा. जे सराईत आहेत त्यांनी खड्डे खणायला आणि बचावाच्या सरावाला यावं.

साधनांमध्ये सर्वांत निकड आहे ती बीकन (अंगावर बांधायचं, रेडिओ संकेत सोडणारं आणि गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावड्यांची. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस वाचतो तो बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तेवढ्या वेळात त्याच्यापर्यंत पोचू शकतात ते त्याच्या शेजारी असलेले लोकच. ही तिन्ही साधनं प्रत्येकाच्या अंगावर असली तरच उपयोग. तुमच्या घरात जुनं बीकन पडून असेल तर ते द्या, मात्र ते 457 किलोहर्ट्झवर चालणारं असावं आणि आतल्या बॅटऱ्या काढून द्यावं. पाझरलेल्या बॅटरीने आमची दोन बीकन निकामी झाली आहेत. फावडं धातूच्या पात्याचंच हवं. स्खलनातला बर्फ थांबताच घट्ट बसतो आणि प्लास्टिकचं पातं त्यात मोडतं.

ज्यांना पैशाच्या रूपाने मदत करायची आहे त्यांच्या रकमेतून आधी बीकन, मग वजनाची नळी आणि काटा, मग तापमापक असा क्रम ठरवला आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि काय घेतलं याची यादी चौकीच्या दारावर लावली जाईल.

उतार उघडण्याआधी दोन आठवडे आम्ही फळी आणि मोजकाठ्या रोवणार आहोत. त्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी चौकीत यावं. जमीन गोठायच्या आत खड्डे घ्यायचे आहेत, आणि पहारी दोनच आहेत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपली घेऊन यावी.

आपले,
उतारावरील बचाव पथकाचे स्वयंसेवक