मावशी, पंच तरलं ते तुमच्या चहामुळे

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हॅलोविन या भुताखेतांच्या सोंगांच्या सणाला, न्यू जर्सीतल्या आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये मुलांसाठी जे लालभडक पंच, म्हणजे फळांच्या रसांचं मिश्र पेय, ठेवलं होतं, त्याचं कौतुक खूप झालं. श्रेय मात्र काळ्या टेबलक्लॉथला आणि प्लास्टिकच्या कोळ्यांना मिळालं. म्हणून हे जाहीर पत्र. आभारासोबत मापंही लिहितो आहोत, कारण पुढच्या वर्षी ज्यांच्यावर हे काम येईल त्यांना नुसतं "मावशींनी सांगितलं तसं करा" म्हणून काही उमगायचं नाही.

तुमचा पहिला प्रश्न होता, "यात दारू नाही, मग तिच्या जागी काय घालणार?" खरा मुद्दा तोच. पंच हे नाव आपल्या 'पाच'वरून आलं असं जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे: आपल्या किनाऱ्यावरचे इंग्रज गोव्याच्या अरकापासून, म्हणजे गाळलेल्या दारूपासून, जे पेय करत, त्यात पाच जिनसा असत. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा, अशी ती पाचकी साधारण सांगतात. यातला अरक काढला की उरतं सरबत. तेही बाटलीबंद रसांचं, म्हणजे मिट्ट गोड. दारू तिथे दोन कामं करते: घशाला चटका देते आणि गोडाला आवर घालते. रसांत आणखी रस ओतून ही दोन्ही कामं होत नाहीत. चटक्यासाठी आलं आणि आवर घालायला चहाचा तुरटपणा, ही तुमची जोडी अचूक बसली.

चहा असा: अर्धा लिटर उकळतं पाणी, काळ्या चहाच्या सहा पिशव्या, चार मिनिटं, बस्स. पिशव्या काढताना पिळायच्या नाहीत, नाहीतर तुरटपणाचा कडवटपणा होतो. गरम चहा तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर गढुळतो. आधी ओट्यावर निवू द्यायचा, मग थंड करायचा. तरीही गढूळ झालाच तर थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो. "मुलांना चहा?" असं दोन आयांनी विचारलं होतं. साडेसहा लिटरमध्ये सहा पिशव्या म्हणजे एका पेल्यात जेमतेम घोटभर चहा येतो. तेवढाही नको असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या, पिशव्या घ्याव्यात. तुरटपणा त्यांतही असतो.

आल्याची गंमत तर तुमच्याशिवाय कळलीच नसती. किसलेलं आलं पिळून काढलेला रस सरळ ओतला की पंच धुरकट दिसतं आणि तळाशी पांढरा थर बसतो. तुम्ही रस वाटीत दहा मिनिटं नुसता ठेवायला लावलात. खाली पिठासारखा पांढरा साका बसला, वर सोनेरी पाणी राहिलं. ते वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, वाटी हलवायची नाही. साडेसहा लिटरला असा निवळ रस दोन मोठे चमचे. त्याहून जास्त घातला तर लहान मुलं एक घोट घेऊन पेला खाली ठेवतात.

आणि रक्त! इथे बहुतेक जण ग्रेनाडीन हे लाल सिरप किंवा खाण्याचा लाल रंग घालतात. ग्रेनाडीन नुसतं गोड, रंगाने दात लाल. तुम्ही कोकम सुचवलंत. आमसुलाचा लाल रंग क्रॅनबेरी या आंबट फळाच्या लाल रसात मिसळला की काळपट झाक येते, साकळलेल्या रक्तासारखी, आणि वर आंबटपणाही मिळतो. मात्र इथे एक मोठा खड्डा आहे, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा: इंडियन दुकानात एकाच फळीवर आगळ आणि अमृत कोकम अशा दोन बाटल्या असतात, दिसायला सारख्याच. आगळात मीठ असतं, भरपूर असतं. ते पंचात गेलं की सगळं ओतून द्यावं लागतं. आपल्याला हवं अमृत कोकम, साखरेतलं, आणि तेही जिरं न घातलेलं. लेबलावर घटक वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

आता सगळं माप एका ठिकाणी, पंचवीस-तीस जणांसाठी. क्रॅनबेरीची 64 औंसांची बाटली, म्हणजे 1.9 लिटर, तिच्यावर 'कॉकटेल' असं लिहिलेलं हवं. इथे त्या शब्दाचा दारूशी काही संबंध नाही. ते पाणी आणि साखर घातलेलं क्रॅनबेरी असतं. शंभर टक्के रस घेतलात तर तोंड वाकडं होईल इतका आंबट लागतो. सफरचंदाचा रस एक लिटर, डब्यातला अननसाचा रस 700 मिली, वरचा अर्धा लिटर चहा, लिंबाचा रस 120 मिली, अमृत कोकम 200 मिली, आल्याचा निवळ रस दोन मोठे चमचे, पाव छोटा चमचा मीठ. हे सगळं आदल्या रात्री एकत्र करून फ्रीजमध्ये. दोन लिटर जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा, यातही दारू नसते) वेगळं, न उघडता, तितकंच थंड.

चव गार झाल्यावरच बघायची. गार पेयात गोडी कमी जाणवते, त्यामुळे ओट्यावर बेताचं गोड वाटलेलं भांड्यात पाणचट लागतं. उलट ओट्यावर थोडं जास्तच गोड वाटलं तर घाबरून लिंबू पिळत बसू नये.

संत्र्याचा रस यादीत नाही, हे मुद्दाम. बहुतेक पाककृतींत असतो आणि चवीला वाईट नाही, पण लाल रसात संत्र्याचा गर गेला की रंग विटकरी होतो, आणि विटकरी रंगाला कोणी भीत नाही. लालात हिरवं मिसळलं तर थेट चिखल. हिरवं 'दलदलीचं' पेय करायचंच असेल तर ते वेगळ्या भांड्यात.

ऑक्टोबरात इथल्या बागांमधून ताजं ॲपल सायडर मिळतं. अमेरिकेत सायडर म्हणजे गाळलेला नसलेला गढूळ रस, ब्रिटनसारखी दारू नव्हे. सफरचंदाच्या रसाऐवजी ते वापरता येतं, पण लेबलावर पाश्चराइज्ड लिहिलं आहे ना, ते बघूनच. 1996 साली इथे न तापवलेल्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली होती आणि त्यानंतर अशा बाटल्यांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. लहान मुलांच्या पार्टीला ती जोखीम नको.

भांडं भरायचं ते दोन खेपांत. निम्मं मिश्रण, म्हणजे सव्वादोन लिटर, आणि त्यावर एक लिटर जिंजर एल, भांड्याच्या कडेने हळूच. मग ओगराळ्याने एकदाच खालून वर. ढवळत राहिलं की सगळा फेस तिथेच उडतो आणि वीस मिनिटांनी नुसतं गोड पाणी उरतं. दुसरी खेप पहिली संपत आली की.

हातमोज्यात गोठवलेल्या बर्फाच्या पंज्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बरेच पंजे करतानाच मोडतात. हातमोजा पावडर नसलेला आणि लेटेक्सचा नसलेला हवा. लेटेक्सची ॲलर्जी कोणाला असेल ते सांगता येत नाही. नायट्राइलचा चालतो. आतून-बाहेरून धुवायचा. भरायचं ते तीन भाग पाण्याला एक भाग क्रॅनबेरी. नुसत्या रसाचा पंजा मऊ राहतो, कारण साखरेमुळे तो नीट गोठत नाही, आणि काढताना बोटं हमखास तुटतात. नुसत्या पाण्याचा पंजा टणक होतो, पण विरघळताना पंच पातळ करतो. मोजा तुडुंब भरायचा नाही. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. मनगटाशी गाठ मारून ताटात पसरायचा आणि बोटांखाली घडी घातलेला कपडा ठेवायचा, म्हणजे ती लोंबकळून चिकटत नाहीत. पूर्ण 24 तास फ्रीजरमध्ये. काढताना मोजा ओढायचा नाही! कोमट पाण्यात दहा सेकंद बुडवून कात्रीने मनगटापासून कापत जायचं, मग मोजा सालीसारखा सुटतो. बोटं बारीक असल्याने आधी वितळतात, म्हणून पंजा भांड्यात सगळ्यात शेवटी, पाहुणे दारात आल्यावर. बर्फाच्या सुट्या चौकोनांपेक्षा हा एकच मोठा तुकडा कितीतरी हळू विरघळतो, तेव्हा सोंगाचं सोंग आणि गारव्याचा गारवा.

पंचात टाकायच्या खोट्या डोळ्यांसाठी डब्यातली लिची: पाक निथळून, बीच्या पोकळीत बोटभर जाम आणि त्यावर एक ब्लूबेरी, देठाची बाजू आत. तशीच भांड्यात टाकली तर ब्लूबेरी सुटून वर येते आणि लिची बुडते. म्हणून ताटात ठेवून दोन तास गोठवायची, मग टाकायची. जाम थोडा पाझरतो आणि डोळ्याला लाल शिरा फुटल्यासारख्या दिसतात. हे आपोआप होतं, मुद्दाम काही करावं लागत नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेल्यात मात्र डोळा घालायचा नाही. अख्खी लिची, अख्खं द्राक्ष त्यांच्या घशात अडकतं. ओगराळं मोठ्या माणसाच्याच हातात असावं, ही तुमची अट त्यासाठीच होती.

जेलीच्या अळ्या कशाच्या करायच्या, यावर तुमचं उत्तर सोपं होतं: जिलेटिन नको, चायना ग्रास (अगर-अगर). शाकाहारी घरांचा प्रश्न मिटतो, आणि चायना ग्रास खोलीच्या उष्णतेला वितळतही नाही. अर्धा लिटर पाण्याला पाच ग्रॅम पावडर, दोन मिनिटं खळखळ उकळी, रस आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. आंबटाबरोबर उकळलं की ते धड धरत नाही. उंच पेल्यात स्ट्रॉ गच्च बांधून उभे करायचे आणि गरम असतानाच ओतायचं, कारण चाळीस अंशांच्या आसपास ते घट्ट होऊ लागतं. घट्ट झाल्यावर एकेका स्ट्रॉवरून लाटणं फिरवलं की अळी बाहेर. (जिलेटिनच वापरणाऱ्यांसाठी: ताज्या अननसाचा रस घातला तर ते कधीच धरणार नाही. डब्यातला चालतो, तो तापवलेला असतो.)

आता ड्राय आइस. त्याबद्दल तुम्ही आवाज चढवलात, त्याचे आभार सगळ्यांत जास्त. सर्रास सांगतात की तुकडा थेट पंचात सोडा, छान वाफा येतात. ड्राय आइस म्हणजे उणे 78.5 अंशांचा घट्ट कार्बन डायऑक्साइड. तो तळाशी बसतो, लाल पंचात दिसत नाही, आणि लहान होत होत हरभऱ्याएवढा झाला की ओगराळ्यातून पेल्यात येतो. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास म्हणून दिलेला ड्राय आइस तोंडात घालून पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. ती मोठी माणसं होती.

म्हणून तुमची परात. मोठ्या पसरट परातीत मधोमध पंचाचं भांडं, भोवती बोटभर गरम पाणी, आणि ड्राय आइस त्या पाण्यात. धुकं भांड्याच्या कडेवरून टेबलावर उतरतं आणि पंचाला त्याचा स्पर्शही होत नाही. एका वेळी पाव किलो, चिमट्याने आणि जाड हातमोजे घालून. आठ-दहा मिनिटांत पाणी गार होतं आणि धुकं मंदावतं. मग आणखी तुकडे टाकायचे नाहीत, गार पाणी काढून गरम ओतायचं. एक किलोतून पाचशे लिटरवर वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, नेमका बुटक्या मुलांच्या नाकाच्या उंचीला. दोन खिडक्या उघड्या हव्यात. आणतानाही गाडीची काच खाली. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो, सिंकमध्ये टाकला तर पाइप तडकतो. उरलेला बाल्कनीत, मुलांच्या हाती लागणार नाही असा उघडा ठेवला की आपोआप उडून जातो.

काळ्या रंगासाठी कोळशाची पावडर, अर्थात ॲक्टिव्हेटेड चारकोल, कुणी सुचवेल. नको. पोटातली औषधंही तो शोषून घेतो.

एक गोष्ट मात्र गमतीची वाटली. 2024 साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले होते. पहाटे कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचं, हे ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे त्यांना गोड पंचात तुरट चहा का, हे समजावून सांगावं लागत नाही. इथे ते सगळ्यांना समजावताना पुरेवाट झाली.

भांड्यात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं पंच टाकून दिलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. जिंजर एल न घातलेलं मिश्रण होतं ते कुल्फीच्या साच्यांत गेलं. अमृत कोकमाची बाटली रिकामी झाली. आगळाची एक बाटली तेवढी फळीवर बसली आहे, सीलबंद. तिची सोलकढी करायची म्हणतो. नारळाचं दूध इथे डब्यातलं मिळतं आणि ते फार दाट असतं, तेव्हा एका डब्याला पाणी किती आणि आगळ किती चमचे, तेवढं सवडीने कळवा.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची सरबत-मंडळी