‘नासाऊ’च्या बारा तोफा, कामाच्या आठ

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या युद्धनौकांच्या ऑनलाइन खेळावर आलेल्या लेखात जर्मन युद्धनौका ‘नासाऊ’साठी ‘आडवे व्हा (म्हणजे शत्रूकडे पूर्ण कूस करा), बाराही तोफा डागा’ असा सल्ला आहे. सांगलीतल्या पोरांनी तो ऐकला, तर जहाज पहिल्या काही मिनिटांतच तळाला जाईल.

तोफा बाराच, पण एका बाजूला आठच चालतात. दोन-दोन तोफांचे सहा फिरते बुरूज षटकोनात आहेत: एक पुढे, एक मागे, दोन-दोन दोन्ही कुशींना. शत्रू डावीकडे असला की उजव्या कुशीतल्या चार तोफा नुसत्या बसून. १९०९ साली नौदलात आलेल्या या जहाजात टर्बाइन नव्हते. वाफेच्या उभ्या इंजिनांनी मधली जागा खाल्ली आणि बुरूज कडेला गेले. टर्बाइनवाली ब्रिटिश ‘ड्रेडनॉट’ दहाच तोफांची, पण एका बाजूला तीही आठ डागायची.

म्हणून पूर्ण आडवे होऊन पदरात जास्त काही पडत नाही, उलट इंजिन आणि दारूगोळ्याची कोठी, म्हणजे सिटाडेल, उघडी पडते. मागचा बुरूज लक्ष्यावर येईल इतकेच वळावे, डागावे, तोफा भरेपर्यंत पुन्हा तोंड शत्रूकडे करावे. सुकाणू मात्र आधीच फिरवायला हवे; दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चौकात वळतो, तसेच हे वळते.

तिरके राहण्यामागे हिशेब आहे. जहाजाच्या पत्र्यावर लंबापासून ६० अंशांपेक्षा जास्त तिरका आलेला गोळा उसळतोच. ४५ ते ६० मध्ये नशिबाचा भाग. पण गोळ्याचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या १४.३ पटीहून मोठा असेल, तर कोन वाचवत नाही. ३०५ मिमीच्या गोळ्यापुढे २१ मिमीचा पत्रा म्हणजे पापड.

‘नासाऊ’ची तोफ २८ सेंटीमीटरची, गोळा ३०२ किलोचा, ब्रिटिश १२ इंची गोळा ३८६ किलोचा. तेव्हा जवळची मारामारीच परवडते. दर बाजूच्या सहा १५ सेंटीमीटरच्या तोफा तिथे आपोआप चालतात, पण त्या हव्या त्या शत्रूवर रोखायला कीबोर्डवरचे कंट्रोल बटण धरून त्याच्यावर क्लिक करावे लागते, ते बहुतेक जण विसरतात. टॉर्पेडो सोडणारी विनाशिका मात्र जवळ येऊ देऊ नये, तिला टॉर्पेडोने उत्तर देता येत नाही. मूळ जहाजाला पाण्याखाली सहा टॉर्पेडो नळ्या होत्या, खेळात एकही नाही.

एकच आग लागली की लगेच डॅमेज कंट्रोल (आग विझवणारी, शिरलेले पाणी थांबवणारी सोय) वापरणे ही नेहमीची चूक. ते संपले की लगोलग दुसरी आग लागते किंवा टॉर्पेडोने पाणी शिरते, आणि हातात काहीच उरत नाही. आगीचे नुकसान रिपेअरने (जहाजाची झीज भरून काढणाऱ्या दुसऱ्या सोयीने) पूर्ण भरून निघू शकते. सिटाडेलला झालेले नुकसान मात्र जेमतेम दहा टक्के.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्रातल्या जहाजाचे पाचही बुरूज मधल्या रेषेत आहेत. ती ‘नासाऊ’ नव्हे, ‘कोनिग’ वर्गातली नौका आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

– दोन वाचक, विश्रामबाग, सांगली